बांधीतल्या शेंगा, चुलीवरची पेज

सावजी म्हटलं की नागपूर, ही जोडी आता पुण्या-मुंबईच्या हॉटेलांच्या पाट्यांवरही पक्की झाली आहे. भाजून काळा केलेला मसाला, खसखस आणि सुक्या खोबऱ्याचं वाटण, वर तरंगणारी तर्री आणि पहिल्याच घासाला कपाळावर येणारा घाम. हे जेवण मुळात हलबा कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या घरातलं. १८७७ साली टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि २००२ साली बंद पडली. मधल्या सव्वाशे वर्षांत तांडापेठ, पाचपावली, गोळीबार चौक या वस्त्यांतले हातमाग एकेक करून थांबत गेले. मागाची कमाई आटली तेव्हा कितीतरी घरांनी पुढच्या खोलीत बाकं मांडली आणि घरचंच मटण, खूर, पाटवडीचा रस्सा विकायला सुरुवात केली. मी अशाच वस्तीत वाढले. त्या रस्स्याचा मला अभिमान आहे.

पण विणकराच्या घरी मटण रोज शिजत नव्हतं. कापड विकून हातात पैसे आले, बाजाराचा दिवस आला, पाहुणा आला, की ते शिजायचं. एरवी काय खात होते, हे कुणी विचारत नाही, कारण त्याचं हॉटेल निघालं नाही. माझी आजी मोहाडी तालुक्यातली. ताप उतरला, उपास सुटला, कुणाशी भांडण होऊन मन खट्टू झालं, की ती मटण मागत नसे. पेज मागे. आणि हिवाळ्यात गावाकडून कुणी येणार असलं, की लाखोरीची वाळवलेली भाजी आणायला सांगे. भाजी आली की तो डबा ती स्वतःच्या खाटेखाली ठेवायची. तिच्या बोलण्यात आंधळगावचं नाव वरचेवर यायचं, तिथल्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडामुळे. विणकरांचं रोजचं ताट अजून कुठे सापडलंच तर तिथे सापडेल, असं मला फार दिवस वाटत होतं. शेवटी एका पौषात निघाले.

नागपूरहून भंडारा साठेक किलोमीटर. सकाळची थंडी होती, म्हणून भंडाऱ्यात शिरल्याबरोबर तर्री-पोहा खाल्ला. हरभऱ्याच्या झणझणीत रश्शात बुडालेले पोहे खाऊन दिवस सुरू करायचा, ही नागपूर-भंडाऱ्याची रीत. पुढे वरठी, मग मोहाडी. मोहाडीत चौंडेश्वरीचं देऊळ आहे. चौंडेश्वरी ही देवांग कोष्ट्यांची कुलदेवता, त्यामुळे या वाटेवर विणकराच्या घरातल्या माणसाचे हात आपोआप जोडले जातात.

मोहाडी सोडली आणि दोन्ही बाजूंना बांध्या सुरू झाल्या. भंडारा हा तळ्यांचा आणि धानाचा जिल्हा. शेत इथे एकसलग नसतं. धुऱ्यांनी आखलेल्या लहान लहान बांध्या असतात, पावसाचं पाणी धरून ठेवण्यासाठी. धान कापून झालं होतं, पण बांध्या रिकाम्या नव्हत्या. कापलेल्या धानाच्या खुंटांमधून गुडघ्याच्याही खाली, दाट, कोवळी हिरवाई पसरली होती आणि मधूनमधून निळसर फुलं डोकावत होती. तीच लाखोरी. पुस्तकी मराठीत लाख किंवा लाखोळी.

हे पीक घेण्याची पद्धत फार शहाणपणाची आहे. धान कापणीला यायच्या आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानातच लाखोरीचं बी फेकून देतात. याला उतेरा म्हणतात. नांगर लागत नाही, खत लागत नाही, वेगळं पाणी द्यावं लागत नाही. धान कापेपर्यंत रोपं वर आलेली असतात. उरलेल्या ओलीवर आणि दंवावर ती वाढतात, मुळांवाटे जमिनीला नत्र देतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी घरात डाळ येते. ज्याच्याकडे विहीर नाही, पंप नाही, त्यालाही दुसरं पीक देणारी ही डाळ आहे.

आंधळगावात शिरल्यावर आधी मागांचा आवाज शोधत फिरले. एके काळी अशा गावात प्रत्येक कवेलूच्या घरातून तो ऐकू येत असे. आता थांबून कान द्यावा लागतो. एका घरातून धोट्याची खटखट आली आणि मी दारातून आत डोकावले. खड्डा मागावर बसलेले गृहस्थ सत्तरीच्या पुढचे होते. मागावर कोशाचं कापड होतं, मधासारख्या रंगाचं, न रंगवलेलं. छपरीत त्यांच्या पत्नी कांड्या भरत होत्या. मी कुठली, कुणाची, हे विचारून झालं. आजीच्या गावाचं नाव सांगितल्यावर मला बसायला पाट मिळाला.

“का बनवू जी तुमच्यासाठी?” बाईंनी विचारलं. मी म्हटलं, जे तुम्हाला खावंसं वाटतं ते. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या आणि मग म्हणाल्या, “ह्यायले पेज आवडते.”

यजमानांनी मागावरून मान डोलावली आणि बोलायला लागले. त्यांच्या लहानपणी घरात सुती लुगडी विणली जात. सुती ताण्याला खळ लागते, नाहीतर धागा फणीत तुटतो. पहाटे ऊन तापायच्या आत गल्लीभर ताणा पसरायचा, घरातली मोठी माणसं दोन्ही बाजूंनी कुंचा फिरवत पांजणी करायची. ही खळ तांदळाच्या कणीची. मोठ्या गंजात कणी शिजत घातली, की आई आधी आपल्या पोरांसाठी वाटीभर पातळ पेज काढून घ्यायची, त्यात मिठाचा खडा टाकायची आणि मग उरलेली खळीसाठी घट्ट होऊ द्यायची. त्यांना पेजेची चव आठवते ती गल्लीतल्या थंडीसकट, ओल्या सुताच्या वासासकट. चार भावंडं एका ओळीत बसून पेज पीत आणि समोर बाप ताण्याला कुंचा मारत असे.

हे ऐकलं आणि आजीचं पेजेचं वेड मला पहिल्यांदा नीट कळलं. मी समजत होते की पेज म्हणजे आजाऱ्याचं, गरिबाचं अन्न. पण त्या घरांत तीच कणी धाग्याला बळ देत होती आणि तीच पोरांना. दिवसाचं काम सुरू होण्याची ती पहिली खूण होती. पेज प्यायली की घर चालू झालं.

कोशाच्या कामाचा दिवस वेगळा. कोसा ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर पोसला जातो. पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात ढिवर समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या हे करत आली आहेत. कोसला उकळून मऊ करायचा आणि मग बायका उघड्या मांडीवर धागा वळत सूत काढायच्या. तासन्‌तास. मांडीची कातडी सोलवटून जायची. माझ्या आजीच्या उजव्या मांडीवर हाताला लागेल असा घट्टा होता. हल्ली यंत्रांवर धागा काढतात आणि ते बरं झालं, असं मला मनापासून वाटतं. याच कोशाच्या करवतकाठी साड्यांना भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा आनंद आहेच, पण त्या कापडाच्या धाग्यात किती मांड्या झिजल्या, हे मानांकनाच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

पेज आली. कणीची, पातळ, वाफाळती. बरोबर चुलीत भाजलेल्या भेदरांची, म्हणजे टोमॅटोंची, चटणी, त्यात लसूण, हिरवी मिरची आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. एका ताटलीत लाखोरीच्या डाळीचे वडे. मी पेजेचा घोट घेतला. तिला जवळजवळ चव नसते. म्हणूनच तिच्या जोडीची चटणी इतकी ठसठशीत लागते आणि म्हणूनच ती थकलेल्या पोटाला चालते.

वडे बघून मात्र मला माझी आई आठवली. आजी लाखोरी मागायची आणि आई ती करायला घाबरायची. त्या भीतीला कारण होतं. लाखोरीच्या दाण्यात मज्जातंतूंना इजा करणारा घटक असतो, शास्त्रज्ञ त्याला ओडॅप म्हणतात. वरणभात, भाकर, भाजी यांच्या जोडीने अधूनमधून ही डाळ खाल्ली तर ती सोसते. पण दुष्काळात दुसरं काहीच नसताना महिनोन्‌महिने केवळ तिच्यावर जगावं लागलं, तर पाय ताठरतात, चाल बिघडते, माणूस काठीवर येतो आणि पुढे कायमचा अधू होतो. मध्य भारतात वेठीच्या मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ दिली जायची. त्यांच्यात हा पांगळेपणा फार दिसला. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. बांध्यांत मात्र ती पिकत राहिली आणि घरात शिजत राहिली. बाजारात तिचं नाव घ्यायची चोरी झाली. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली. २००८ साली महाराष्ट्रानं बंदी उठवली. दरम्यानच्या काळात रतन, प्रतीक, महातिवडा असे विषारी घटक अगदी कमी असलेले वाणही आले.

ही गोष्ट एकट्या झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्याची, नाही. १८११-१२ साली माद्रिदमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता. गोया या चित्रकाराच्या युद्धावरच्या मुद्राचित्रांच्या मालिकेत त्या दिवसांचं एक चित्र आहे. भुकेली माणसं एका म्हातारीभोवती गोळा झाली आहेत आणि ती त्यांना कसलीशी लापशी वाढते आहे. चित्राचं नावच या कडधान्याचे आभार मानणारं आहे, कारण ती लापशी लाखोरीच्याच पिठाची. स्पेननेही १९६७ साली लाखोरी माणसाच्या खाण्यातून बाद केली आणि २०१८ साली बंदी सैल केली. मधली पन्नास वर्षं ला मांचा भागातले लोक हिवाळ्यात लसूण घातलेली तीच लापशी शिजवत राहिले, लाडकं अन्न म्हणून. दुष्काळात ज्यानं जगवलं, पुढे ज्याच्यावर ठपका आला, त्याला माणसं सोडत नाहीत. आंधळगावच्या छपरीत वडा मोडताना मला त्या अनोळखी म्हातारीबद्दल फार आपुलकी वाटली.

दुपारी गावात फिरले आणि भेटेल त्याला एकच विचारत गेले, सगळ्यात जास्त आठवतं ते खाणं कुठलं? पुरुषांची उत्तरं भराभर आली. एक जण म्हणाले, आईच्या हातचे झिंगे. तळ्यातले बारीक झिंगे, वाळवलेल्या वांग्यांच्या फोडी घालून केलेले. दुसऱ्याला चिन्नोरचा भात आठवला. चिन्नोर हा भंडाऱ्याचा सुवासिक, बारीक तांदूळ, यालाही मानांकन आहे. पूर्वी रोजच्यासाठी लुचई असायची आणि एखादी बांधी चिन्नोरची, पाहुण्यांसाठी, सणांसाठी. कुणाकडे चिन्नोर शिजतोय हे गल्लीला वासावरून कळायचं आणि मग पोरं त्या घराच्या आसपास खेळायला जायची. पुण्याला कंपनीत काम करणारा, सुट्टीवर आलेला एक तरुण म्हणाला, मंडईचं मटण. दिवाळीनंतर भाऊबीजेपासून इकडे गावोगाव मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. लेकी-जावई, सोयरे, सगळे येतात. दुपारी दंडार, रात्री नाटक, लग्नाच्या गोष्टीही तिथेच निघतात. त्याला दिवाळीची सुट्टी नाही मिळाली तरी चालतं, मंडईची मिळाली पाहिजे. “मंडईले नाई आलो तं वर्सभर चुकल्यावानी वाटते,” तो म्हणाला.

पुरुषांचं प्रत्येक उत्तर कुणाच्या तरी चुलीपाशी जाऊन थांबत होतं. आईच्या, आजीच्या, मोठ्या वहिनीच्या.

बायकांना विचारलं, तर उत्तरच येईना. म्हणजे यायचं, पण दुसऱ्याचं. ह्यांना पेज आवडते. मोठ्याला वडे लागतात. सुनेला गोड चालत नाही. सासऱ्यांना शेवटी शेवटी फक्त ताक-भात जायचा. मी पुन्हा विचारलं, तुम्हाला? तर हसून विषय बदलायच्या. या घरात, त्या घरात, सगळीकडे हेच. दुसऱ्याच्या जिभेचा हिशेब आयुष्यभर ठेवणाऱ्या बाईला स्वतःच्या जिभेचं विचारलं की तिला ते काहीतरी अगोचर वाटतं. आजीला मी हा प्रश्न कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

संध्याकाळच्या आधी कांड्या भरणाऱ्या बाई आणि त्यांच्या दोन शेजारणी लाखोरीची भाजी खुडायला निघाल्या. मीही गेले. कोवळे शेंडे तेवढे खुडायचे. खुडल्यामुळे रोप मरत नाही, उलट जास्त फुटतं. तिघींची बोटं इतक्या वेगात चालत होती की मला बघूनही ती लय पकडता येईना. ओटीत हिरवा ढीग चढत गेला. एका कोपऱ्यात पेरा लवकर झाला असावा, तिथे शेंगा भरल्या होत्या. थोरल्या शेजारणीनं त्या उपटल्या, धुऱ्यावरचं वाळलं गवत गोळा करून पेटवलं आणि झाडांसकट शेंगा त्यावर धरल्या. मिनिटाभरात त्या काळपट झाल्या. हातावर चोळून, फुंकर मारून तिनं दाणे माझ्या ओंजळीत टाकले. धुरकट, गोडसर, आतून अजून हिरवे.

आणि तिथे, धुऱ्यावर बसल्यावर, तिघी बोलायला लागल्या.

“हे आवडे जी आमाले,” थोरली म्हणाली. लहानपणी मायबरोबर खुडायला यायची, तेव्हाची गोष्ट. घरी भाजी मोजून शिजायची, आधी बाप्ये जेवायचे, मग पोरं, गंजात उरेल ते माय घ्यायची. बांधीत मात्र मोजणारं कुणी नसे. सगळ्या बाया गोल बसायच्या, शेंगा भाजायच्या, पोटभर खायच्या. माय तेवढाच वेळ खुशाल मांडी घालून बसलेली दिसायची. दुसरीला रोवणीचे दिवस आठवले. चिखलात वाकून वाकून कंबर मोडायची, पण दुपारी धुऱ्यावर सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र सोडल्या जात. कुणाचा शिळा भात, कुणाची जवसाची चटणी, कुणाचा कांदा. कुणी कुणाला वाढत नव्हतं, जिनं तिनं हातानं घ्यायचं. तसं जेवण पुन्हा कुठे जेवले नाही, असं ती म्हणाली. कांड्या भरणाऱ्या बाई उशिरापर्यंत गप्प होत्या. मग त्यांनी सांगितलं, पहिल्या बाळंतपणाला त्या माहेरी होत्या आणि मायनं त्यांना बसल्या जागी भेदराची चटणी आणि गरम भात आणून दिला होता. कोणीतरी आपल्याला ताट आणून देतं, ते जेवण त्यांना आठवतं.

सावजी जेवणावर, वैदर्भी मसाल्यांवर आता पुष्कळ लिहिलं जातं, आणि लिहिलंच पाहिजे. पण आवडीच्या पदार्थांच्या आठवणी म्हणून आपण जे गोळा करतो त्यात बहुतेक वेळा वाढून घेणारा बोलत असतो. वाढणारीला आवडलेलं जेवण घराबाहेर असतं, बांधीत, धुऱ्यावर, माहेरी. आजी तो डबा खाटेखाली का ठेवायची, हे मला त्या धुऱ्यावर बसून उमगलं. भाजीच्या चवीचं वेड तर होतंच, पण त्या घरात तिच्या एकटीच्या मालकीचं तेवढंच खाणं होतं. ते तिनं कुणाला वाढायचं नव्हतं.

रात्री मुक्काम तिथेच झाला. खुडलेली निम्मी भाजी लसूण आणि सुक्या मिरचीच्या फोडणीवर परतली, वर थोडी कणी घालून शिजवली. निम्मी दुसऱ्या दिवशी अंगणात सुपांवर पसरली. उन्हात ती दोन-तीन दिवसांत कुरकुरीत होते, मग चुरून मडक्यात भरली की बांध्या रिकाम्या असतात त्या कडक उन्हाळ्यातही पुरते. बाईंनी आधीच्या वाळवणातली थोडी भाजी माझ्यासाठी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधली आणि छपरीत उभ्या राहून करायची रीत सांगितली.

“पह्यले गरम पान्यात भिजव. थे पानी फेकून दे. मंग तेलात लसून, लाल मिरची, अन्‌ मूठभर कनी. मंद आचीवर ठेव, घाई नोको करू.” मग थोडं थांबून त्यांनी नागपूरकडे हात केला. “अन्‌ खसखस-खोबरं नोको टाकू त्यात. मसाल्याची भाजी नोहे थे. बनवजो, अन्‌ पह्यले तूच खाजो.”